पुंजका का विस्कटतोय

टॅमरॅक क्रीक, मॉन्टाना
१४ जून १९८३

प्रिय लायल,

उभा असशील तर आधी बस. तसाही तुझा एकच गुडघा धड आहे. सोडतीत माझं नाव निघालं! एल्क सांबराच्या शिकारीचा, तोही मोठ्या नराचा परवाना, आणि तोही वरच्या खोऱ्यातला, जिथे बाबा आपल्याला दोघांना एकाच घोड्यावर बसवून न्यायचे. इतकी वर्षं अर्ज टाकतोय की मी तो आता सवयीने टाकायचो, लोक प्रार्थना म्हणतात तसा. पाकीट आलं तेव्हा कोरिनला वाटलं विजेचं बिल आहे. तिने ते तसंच भाकरीच्या डब्याखाली ठेवलं होतं.

तर आता तयारी. बंदूक तीच, थर्टी-ऑट-सिक्स. पण काडतुसात भरायची माझी जुनी दारू संपली. नवा डबा आणलाय. त्यावर नाव तेच आहे, पण घाणा वेगळा, आणि तुला माहितीये, दोन घाण्यांची दारू कधी सारखी जळत नाही. म्हणजे सगळं पहिल्यापासून. थोडी दारू घालून तीन काडतुसं भरायची, कागदावर झाडायची, मग किंचित वाढवायची, पुन्हा झाडायची, आणि तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून पडेपर्यंत हेच करत राहायचं. कोरिन म्हणते, दुकानात तयार काडतुसं मिळतात ती काय माणसं मारायला ठेवलीयत का. मी म्हटलं, दुकानात सफरचंदाचा पायही मिळतो, मग तू का करतेस? त्यावर दोन दिवस पाय मिळाला नाही.

कोकरांच्या गोठ्यात टेबल मांडलंय. पहिल्या दिवसाचा भोकांचा पुंजका वाईट नव्हता. ऑक्टोबरात येशील ना? चढायला नको, नुसता तंबूत बसून कॉफी उकळ.

तुझा,
आर्विड


डुलुथ, मिनेसोटा
२७ जून

प्रिय दादा,

अभिनंदन. खरं सांगू, जळलो. इथे सरोवराकडे बघत बसायचं आणि गुडघ्याला बर्फ लावायचा, हाच माझा उन्हाळा. डॉक्टर म्हणतो हिवाळ्याआधी लांबचा प्रवास नको. बघू.

तुला शिकवायला मी कोण, पण तरी सांगतो, कारण तू ऐकत नाहीस हे मला पाठ आहे. एका वेळी एकच गोष्ट बदल. दारू बदलायची तर काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी तीच ठेव, गोळी तीच ठेव, कवचं एकाच खोक्यातली घे. तू नेहमी उत्साहात दोन गोष्टी बदलतोस आणि मग कशाने काय झालं ते ना तुला कळत ना देवाला. आणि घाई नको. बंदूक तापू दे, थंड होऊ दे.

वहिनींना सांग, पाय मी येईन तेव्हा करा. तोवर दादाला काडतुसंच खाऊ देत.

लायल


टॅमरॅक क्रीक
१९ जुलै

प्रिय लायल,

काहीतरी बिनसलंय आणि काय ते मला समजत नाही.

जूनमध्ये बरं चाललं होतं. मग मला आवडलेलं एक माप धरलं, तेच पुन्हा पुन्हा भरलं. आधी तीन भोकं एका डॉलरच्या नाण्याखाली झाकली जायची. आता एक वर, एक डावीकडे, एक कुठेच नाही. मी एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे काहीच नाही! तरी पुंजका विस्कटतोय. बंदुकीवरची दुर्बीण काढून शेजारच्या हॅलव्होरसनची लावली. तेच. टोप्या नव्या आणल्या. तेच. काल एक गोळी मधोमध लागली आणि मी इतका खूश झालो की घरात जाऊन कोरिनला बोलावून आणलं, आणि तिच्यासमोर पुढच्या दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत.

नेमाचे कागदसुद्धा आता धड येत नाहीत. दुकानात नवीन आणलेत, त्यांच्यावरचं वर्तुळ अंड्यासारखं छापलंय. नेम मधोमध धरायचा तर मध्य कुठला ते आधी ठरवावं लागतं. दुपारी तर उन्हाने सगळंच हलतं, म्हणून आता सकाळीच झाडतो. तरी तेच.

दारू खराब निघाली का? का दस्त्याचं लाकूड फुगलं? तू यंत्रशाळेत उभा जन्म घालवलास, तूच सांग. मला तर आता रात्री भाजलेलं मांस खातानाही त्याच्यात तीन भोकं दिसतात.

आर्विड


डुलुथ
३० जुलै

प्रिय दादा,

दारूने इतकं होत नाही. दारू वाईट असली तर गोळ्या खाली-वर पडतील, डावीकडे का जातील? मला दस्त्याचा संशय येतो. नळी लाकडाला कुठेतरी टेकतेय. डॉलरची नोट नळी आणि लाकूड यांच्यामधून ओढून बघ, अडली तर तिथे घास. दस्त्याचे दोन्ही स्क्रू सैल करून पुन्हा आवळ.

आणि झाडलेले कागद मला पोस्टाने पाठव. मी इथे त्यांच्याकडे बघत बसेन. मला दुसरं काम तरी काय आहे.

लायल

ता. क. वर्तुळाचं काय ते कळलं नाही. कागदवाल्याला शिव्या द्यायच्या तर पत्ता पाठव, माझ्याकडे वेळ आहे.


टॅमरॅक क्रीक
८ ऑगस्ट

प्रिय लायलभावजी,

तुमच्या दादांना न सांगता लिहितेय, म्हणून उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा. सुट्टी असली तरी मी बागेला पाणी घालायला जाते तिथे.

उगाच विचारते. काडतुसात दारू थोडी कमी घातली तर बंदुकीचा धक्का कमी बसतो का? आणि किती कमी घातली तर चालते? मला त्यांच्याशेजारी बसून बसून सगळं येतं: वजनाचा काटा, गोळी दाबून बसवायचा प्रेस, सगळं. पण माप कुठून धरायचं ते माहीत नाही.

इकडे सगळे ठीक. यांना एकच वेड लागलंय. कुंपणाच्या फाटकाचा खांब वाकलाय म्हणून उपटून परत रोवला. मला तो आधीही सरळच दिसत होता. चार दिवसांनी म्हणाले, पुन्हा वाकला. पुन्हा उपटला. वसंतात बैल आडवा आला तेव्हा त्यांचा खांदा दुखावला होता, तुम्हाला आठवत असेल. ऑपरेशन नीट झालं म्हणतात, पण मला नाही वाटत.

तुमची,
कोरिन


डुलुथ
१५ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

अखेर! तीस वर्षं आम्हा टॉलेफसनांच्या घरात काढून तुम्हाला बंदूक हातात घ्यावीशी वाटली, मला फार आनंद झाला. दादाला आत्ताच सांगत नाही. त्याला एक दिवस आश्चर्याचा धक्का द्या. तो बंदुकीच्या धक्क्यापेक्षा मोठा असेल.

हो, दारू कमी तर धक्का कमी. पण मनाने कमी करायची नाही. फार कमी दारूही धोक्याची असते, यावर लोकांचा विश्वास बसत नाही पण तसं आहे. दादाच्या टेबलावर मापांचं जाड पुस्तक आहे, त्यात तुमच्या गोळीच्या वजनासमोर जे सगळ्यात खालचं माप दिलंय ते धरा, त्याच्या खाली एक कणही नको. आणि तुमची काडतुसं वेगळ्या खोक्यात ठेवा. दादाच्यात मिसळलीत तर तो वेडा होईल.

लायल


टॅमरॅक क्रीक
११ सप्टेंबर

प्रिय लायल,

कागद सोबत पाठवतोय. आधीचे, मधले आणि आताचे, सगळे. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलंय.

डॉलरची नोट आरपार निघाली. स्क्रू आवळले. काही उपयोग नाही. पण त्याहून भलतंच आता सुरू झालंय. गेल्या दोन आठवड्यांपासून गोळ्या खालीच पडतायत. विस्कटलेल्या आहेतच, शिवाय खालीही. आणि बंदूक खांद्याला लागतच नाही! जणू कुणी उशी मारली. गुरांच्या डॉक्टरकडे गोळीचा वेग मोजायचं यंत्र आहे, ते मागून आणलं. वेग इतका कमी आला की डॉक्टर म्हणाला, "आर्विड, हे तू एल्कला मारणार आहेस की फक्त हाक मारणार आहेस?"

मी काटा तपासला. काटा बरोबर आहे. माप बरोबर आहे. मी स्वतः घातलेली दारू, स्वतः बसवलेली गोळी. मग ती कमी कशी होते? डब्यात बसून दारू म्हातारी होते का?

लायल, आता जे लिहितो ते कोरिनला कळता कामा नये. बाबांचं आठवतं ना, शेवटच्या वर्षी? विकलेल्या घोड्यांना दाणा घालायला जायचे. आणि त्याआधी काय झालं होतं? आधी फक्त हिशेबात चुका. खिळे एका डब्यातून दुसऱ्यात. आपण हसायचो. मला वाटतं मी काट्यावर एक वाचतो आणि दुसरं घालतो, आणि मला कळत नाही. काल मी गोठ्यात बसून तेच काडतूस तीनदा भरल्याचा विचार करत राहिलो, आणि शपथेवर सांगता येईना की एकदा तरी भरलं का.

परवाना परत करता येतो. मी चौकशी केली.

आर्विड


डुलुथ
१७ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र घरच्याच पत्त्यावर पाठवतोय, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. दादाचं पत्र आलंय. त्याला वाटतंय तो बाबांसारखा होतोय. त्याने तुम्हाला सांगू नकोस म्हटलंय, आणि मी सांगतोय, त्याबद्दल नंतर त्याने मला काय मारायचं ते मारावं.

खरं सांगा. ती कमी दारूची काडतुसं तुम्ही कुणासाठी भरलीत?

मी मूर्खासारखा टाळ्या पिटत बसलो. तुम्हाला नेम शिकायचाय असं मीच ठरवलं. तुम्ही तसं कुठेच लिहिलं नव्हतं, आज पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं.

लायल


टॅमरॅक क्रीक
२५ सप्टेंबर

प्रिय लायलभावजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा हे गवत कापायला गेले होते. मी ते वाचून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, त्यांच्या ताटाशेजारी. स्वतःच्या तोंडाने सांगायची हिंमत नव्हती.

असं झालं होतं. जुलैत त्यांनी मला बोलावून नेलं, त्या दिवशी मी त्यांच्या मागे उभी होते. चाप ओढायच्या आधी ते मान तिरकी करत होते, डोकं बाजूला घेत होते, पुन्हा आणत होते. मी म्हटलं, हा माणूस धक्क्याला भितोय. खांदा दुखतोय आणि सांगत नाही. मरेपर्यंत सांगणार नाही. म्हणून मी हलकी काडतुसं भरली, त्यांच्या खोक्यातली काढली आणि माझी ठेवली. मला वाटलं, दुखायचं थांबलं की भीती जाईल, पुंजका जमेल. वेगाचं ते यंत्र आणतील हे मला काय माहीत!

त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे काट्यावर मी चुकत नव्हतो?"

मी म्हटलं, "नाही. मी चोरत होते."

"तू, कोरिन?"

"मी."

आणि भावजी, हे हसायला लागले. मला वाटलं ओरडतील. हसता हसता डोळे पुसले, मला म्हणाले, "बाई, मी विकलेल्या घोड्यांचं दाणापाणी करायला निघालो होतो, आणि तू नुसती दारू चोरत होतीस." मग उठून बाहेर गेले आणि गोठ्यात एकटे बसले. तेव्हा मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारी बसून काडतुसं भरली. त्यांची पुरी, माझी हलकी. माझ्या काडतुसांच्या बुडाला मी नखांचा लाल रंग लावला, पुन्हा घोळ नको म्हणून. मग झाडली. लाल खाली पडली, त्यांची वर पडली. पण दोन्ही विस्कटलेली. भावजी, सगळं उघड झाल्यावरही पुंजका जमत नाही. खांदा दुखत नाही म्हणतात, बायबलवर हात ठेवून म्हणाले. मग हे काय आहे? मला काही समजेनासं झालंय.

कोरिन


डुलुथ
१ ऑक्टोबर

प्रिय दादा,

वहिनींच्यावर रागावू नकोस असं लिहिणार होतो, पण तू माझ्याआधीच हसून मोकळा झालास.

तुझे कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेत. रोज चहा घेताना बघतो. दस्ता, दारू, खांदा, सगळ्यांनी आपापलं डोकं चालवलं, आणि माझं सगळ्यात कमी चाललं. भोकं बघत बसलो, तू लिहिलेलं वाचलंच नाही. प्रत्येक कागदावर तू पेन्सिलीने लिहिलंयस: वर्तुळ वाकडं. वर्तुळ अंड्यासारखं. मधली रेघ मोडलेली.

काल मी परकार घेतला. दादा, वर्तुळ गोल आहे. प्रत्येक कागदावरचं. मधली रेघ सरळ आहे.

मग वहिनींचं ऑगस्टचं पत्र आठवलं. फाटकाचा खांबही सरळ असणार.

हे मी घाबरवायला लिहीत नाही, पण मी घाबरलोय. आज एक काम कर. दारात उभा राहा, डावा डोळा झाक, आणि फक्त उजव्या डोळ्याने खांबाकडे बघ. मग उजवा झाक. आणि त्यानंतर कुठलाही हट्ट न करता बट शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. एल्क थांबेल. त्याला कुठे घाई आहे.

तुझा,
लायल


टॅमरॅक क्रीक
१३ नोव्हेंबर

प्रिय लायल,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं. अजूनही नीट कळत नाही, तेव्हा जसं सुचेल तसं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दारात उभा राहिलो. डाव्या डोळ्याने खांब खांबासारखा. उजव्याने बघितला तर मध्ये कुणीतरी गुडघ्याने दाबावा तसा वाकलेला, आणि वाकतो तिथे एक करडा डाग. त्या डागात अख्खी चिमणी बसली होती. ती उडाली तेव्हा मला कळलं की ती होती. सगळा उन्हाळा मी ह्या डोळ्याने नेम धरत होतो आणि कागदवाल्याला शिव्या देत होतो. बिचारा खांब दोनदा उपटला.

बटच्या डॉक्टरने चौकटींचा एक कागद हातात दिला. उजव्या डोळ्याला चौकटी पाण्यात पडल्यासारख्या दिसल्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातोय म्हणाला. उजव्याचं आता काही होणार नाही. डावा आज चांगला आहे. "आज" हा शब्द त्याने जरा जपून उच्चारला. कोरिनने विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, काहींचा वर्षानुवर्षं टिकतो, काहींचा नाही. म्हणजे त्यालाही कळत नाही. मला उगीच बरं वाटलं. म्हटलं, चला, मी एकटाच नाही.

परवाना परत करणार होतो. कोरिन म्हणाली, "तुम्हाला दुसरा डोळा आहे, दुसरा खांदाही आहे." आणि लायल, ह्या वयात मी डाव्या खांद्याला बंदूक लावायला शिकलो. हसू नकोस. काडतूस चढवायचा बोल्टचा दांडा उजवीकडे, हात चुकीचा, गाल चुकीच्या बाजूला. पहिल्या दिवशी दुर्बिणीने भुवई फोडून घेतली. डाव्या खांद्याला पुरा धक्का सोसेना, तेव्हा कोरिनची लाल बुडाची काडतुसं घेतली. आणि जमलं. नाण्याखाली झाकण्याइतकं नाही, पण जवळून मारायला पुरेल इतकं. मी ठरवलं, अगदी जवळ जाता आलं तरच, नाहीतर नाही. तसं वचनही माझ्याकडून दिलं गेलं, म्हणजे कोरिनने घेतलं.

वरच्या खोऱ्यात ती माझ्याबरोबर आली. हॅलव्होरसनने घोडे दिले. पहिले काही दिवस नुसती थंडी. मग एका सकाळी बर्फ पडून गेलं होतं, वारा आमच्याकडे येत होता, आणि ती पुटपुटली, "समोर."

"कुठे?"

"समोर हो! झाडाच्या पुढे."

मला झाड दिसलं. फक्त झाड. मी उजवा डोळा मिटला आणि तो तिथे उभा होता, तोंडातून वाफ सोडत, इतका जवळ की ओले केस दिसत होते. मी बंदूक डावीकडे घेतली.   गोळी झाडली. तो दोन ढांगा टाकून गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. त्याला धावावं लागलं नाही, याचं मला फार समाधान वाटतं.

पण आता ऐक. माझ्या खिशात दोन्ही काडतुसं होती, तिची आणि माझी. निघताना फक्त लाल ठेवायची असं ठरलं होतं, पण जुन्या कोटात माझीही पडलेली निघाली. मी घाईत खिशात हात घालून जे आलं ते भरलं होतं. एल्क समोर असताना धक्का कळत नाही, तुला माहीत आहे. रिकामं कवच बर्फात उडालं, ते आम्ही दोघं गुडघ्यावर बसून शोधलं, सापडलं नाही. मी म्हणतो लाल होतं. ती म्हणते बिनरंगाचं, म्हणजे माझं होतं. खोऱ्यातून खाली येईपर्यंत आम्ही भांडत होतो, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं होतं म्हणून.

मांस गोठवलंय. शिंगं गोठ्याच्या दारावर लावलीत. मला कुणी विचारलं, कसं वाटतंय, तर सांगता येत नाही. सकाळी आनंद होतो, दुपारी मी मुद्दाम उजवा डोळा उघडतो आणि डाग मोठा झालाय का बघतो. डाग किती मोठा झाला हे डागानेच बघायचं, म्हणजे काही कळतच नाही.

तर तू ये. गुडघा असो नसो. ख्रिसमसच्या आधी ये, बटला मी घ्यायला येईन, म्हणजे कोरिन येईल आणि मी शेजारी बसेन. तुझं थोबाड काही बघण्यासारखं नाही, हे मी लहानपणापासून सांगत आलोय. पण मला ते एकदा नीट, दिवसाउजेडी, जवळ बसून बघायचंय.

तुझा,
आर्विड